खुर्शीद नालबंदाचा उलटा खांदा

नागभीडच्या आठवडी बाजारात बैलाच्या लाथेनं नाक दोनदा मोडलेला माणूस एकच आहे. पहिल्या लाथेनं ते डावीकडे गेलं, दुसरीनं उजवीकडे, त्यामुळे आज ते बऱ्यापैकी सरळ दिसतं. "चेहरा बैलानं बिघडवला अन् बैलानंच दुरुस्त केला," असं खुर्शीद नालबंद मोठ्या अभिमानानं सांगतो.

बैलांच्या खुरांना नाल ठोकण्यात त्याची पासष्टी उलटली. अंगावर इतक्या खुणा, की त्या लक्षात ठेवायला त्यानं प्रत्येकीला बैलवाल्याचं नाव दिलं. ही बरगडी तळोधीच्या पाटलाची. हा गुडघा सिंदेवाहीचा. पुढचा दात ब्रह्मपुरीच्या एका गुरुजींचा, म्हणजे गुरुजींच्या बैलाचा. कोणी अनोळखी पोरगा बैल घेऊन आला की खुर्शीद डोळे बारीक करून बघे आणि विचारी, "अबे, तू त्या दाताचा नातू तं नाई?" पोरगा ओशाळून हो म्हणे. मग चहा येई. राग कुणाचाच नाही. मार खावा, मार द्यावा, आणि काम झालं की बैलाला गुळाचा खडा द्यावा, हा त्याचा शिरस्ता.

नालबंदाचं काम म्हणजे खिळे ठोकणं, असा ज्यांचा समज असेल त्यांनी ते एकदा जवळून बघावं. म्हणजे फार जवळून नको. खिळे ही शेवटची, शांततेची पायरी. त्याआधी लढाई असते. सात-आठ मणांचं, शिंगं असलेलं आणि आपल्याशी अजिबात सहमत नसलेलं जनावर जमिनीवर आडवं करायचं असतं. दोराचा एक फास शिंगांना, एक वेढा पुढच्या पायांमागून छातीला, एक मागच्या पायांपुढून पोटाला. मग टोक घेऊन बैलाच्या मागं जायचं, दोर स्वतःच्या कमरेमागून उजव्या हातानं ओढून घ्यायचा आणि पाठ मागं टाकायची. वेढे आवळतात, बैलाचे गुडघे मोडतात आणि धाडकन् धूळ उडते. चारही पाय बांधले की लढाई संपली.

"बैल ताकतीनं नाई पडत, दोराच्या वेढ्यानं पडते," हे खुर्शीद सगळ्यांना सांगे. पण बैल पडल्यावर चारी बाजूंना ज्या नजरेनं बघे, त्यावरून स्वतः त्याचा यावर काडीचा विश्वास नव्हता हे कुणालाही कळावं.

वेसण धरायला त्याची बायको रशिदा. तीस वर्षं तिनं बैलांची तोंडं सांभाळली. बैल पडला की त्याच्या मानेवर गुडघा रोवायचा आणि शेजारच्या भाजीवालीशी वांग्यांवरून भांडत बसायचं. खाली बैल फुसफुसतोय, वर रशिदा. दोघांत जास्त कोण तापलंय हे बघून लोक आपला रस्ता ठरवीत.

पोचू हा घोडाझरीच्या पलीकडं जंगलाला टेकून असलेल्या टोलीवरचा, म्हणजे छोट्या वस्तीवरचा, गोंड. धान पिकवावं, मोह वेचावा, तेंदूपान तोडावं, आणि उरलेल्या वेळात आपल्या बैलाच्या मिनतवाऱ्या कराव्या, असं त्याचं आयुष्य. बैलाचं नाव जावई. पोचूची बायको दुर्गा हिच्या बापानं तो लग्नानंतर दिलेला. भरपूर खायचा, सावलीत बसायचा, काम सांगितलं की डोळे वटारायचा. नावासाठी फार विचार करावा लागला नाही. "माह्या बापानं एका दावणीले दोन जावई बांधले," असं दुर्गा म्हणे आणि पोचू ऐकून घेई. एकदा म्हणे या जावयावर वाघानं झडप घातली आणि यानं वाघाला शिंगांवर घेऊन कुंपणाबाहेर फेकलं. असं पोचू सांगतो. वाघाची बाजू कुणी ऐकलेली नाही. पण जावयाच्या पुठ्ठ्यावर पंज्याचे चार वळ आहेत खरे.

मृगाच्या तोंडावर पोचू जावयाला घेऊन बाजारात आला. खुर्शीदनं त्याला पाडला. तीन पाय ठोकून झाले. चौथ्याला हात घातला तेव्हा पोचूच्या नजरेला दिसलं की दोर जावयाच्या पायाला काचतोय. पोचूचा जीव कळवळला. कुणाला न विचारता त्यानं गाठ दोन बोटं ढिली केली.

जावयाला दोन बोटं पुष्कळ होती.

पहिली लाथ हातोडीवर बसली, हातोडी मडकेवाल्याच्या दुकानात गेली. दुसरीनं खुर्शीद उताणा पडला. रशिदा मानेवरून उडाली ती वांग्यांच्या ढिगात. जावई उठला आणि धावला. आणि दोराचा वेढा खुर्शीदच्या उजव्या दंडाला बसलेला, त्यामुळे खुर्शीदही धावला, म्हणजे पाठीवर. मडक्यांतून गेले, कांद्यांतून गेले, फुटाणेवाल्याची कढई उलटी करून गेले. बाजारभर किंकाळ्या. खुर्शीद ओढला जात असतानाही जावयाच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होता, आणि पाठीमागून पोचू ओरडत होता, "त्याले शिव्या नको देऊ वो भाऊ, तो आनखी भडकते!" शेवटी कडुनिंब आला. जावई झाडाच्या डावीकडून गेला, खुर्शीद उजवीकडून. दोर ताणला, खांद्यात काहीतरी सुकं लाकूड मोडल्यासारखं वाजलं, आणि दोर तुटला.

धुळीत, कपाळावरून रक्त वाहत असताना, खुर्शीदनं उजव्या हाताला वर व्हायला सांगितलं. हातानं ऐकलं नाही. एवढ्या वर्षांत हात पहिल्यांदाच उलटून बोलला.

पोरगी निशात चंद्रपुरात दिलेली, म्हणून त्याला चंद्रपूरला नेलं. तिथल्या हाडांच्या डॉक्टर अन्नपूर्णा मडावी. वय फार नाही, मनगटं मजबूत. फोटो उजेडात धरून त्या म्हणाल्या, "चाचा, हाडाच्या वरच्या गोळ्याचे चार तुकडे झालेत. ते जोडलेही असते. पण हात उचलणाऱ्या आतल्या शिरा आधीच फाटून चिंध्या झाल्यात. किती वर्षांपासून दुखतोय खांदा?"

"बाई, दुखत नाई असा दिवस सांगतो, तो सोपा पडन."

"तर मग उलटा खांदा बसवू. देवानं दंडाच्या हाडाला गोळा दिला आणि पाठीच्या हाडाला वाटी. आपण गोळा तिकडं लावायचा आणि वाटी इकडं. मग त्या फाटक्या शिरांची गरज नाही. वरचा हा मोठा स्नायू एकटा हात उचलतो."

खुर्शीदनं विचार केला. "म्हंजे बैलाच्या जागी गाडी अन् गाडीच्या जागी बैल."

"तसंच."

"अन् बसवता कशानं?"

"स्क्रूनं. आणि थोडं हातोडीनं."

"हातोडीनं?" खुर्शीद उठून बसायला निघाला; रशिदानं दाबून धरला. "मंग तं बाई, तुम्ही आमच्याच जातीच्या! नालबंद!"

"फरक एवढाच," डॉक्टर म्हणाल्या, "की आमचा बैल आधी झोपवतात."

ऑपरेशन झालं. शुद्धीवर आल्यावर त्यानं पहिला प्रश्न विचारला तो बैलांचा नव्हे असं निशात सांगते, पण निशात बापाची बाजू घेणारी. रशिदाच्या म्हणण्याप्रमाणे त्यानं विचारलं, "पाडता येईन का?" आणि डॉक्टरांनी तिथल्या तिथं सांगितलं, "नाही. दीड महिना हात झोळीत. खाटेवरून उठताना या हातावर भार टाकायचा नाही, हात पाठीमागं न्यायचा नाही. नेलात तर वाटी गोळ्यावरून निसटेल. आणि बैल पाडणं कधीच नाही."

यातलं "दीड महिना" खुर्शीदला ऐकू आलं.

घरी आल्यावर एक विचित्र गोष्ट झाली. टाक्यांची ठणक ओसरली, आणि वीस वर्षं खांद्यात मुक्कामाला असलेलं जुनं दुखणं परत आलंच नाही. खुर्शीद अस्वस्थ झाला. कूस बदलताना जिथं शिवी देण्याची सवय होती तिथं आता नुसतीच रिकामी जागा. "रशिदा, काईच दुखून नाई राह्यलं वो," तो घाबरून म्हणाला.

"थांबा, मी दुखवते," रशिदा म्हणाली.

आणि तिनं शब्द पाळला. झोळी सुटल्यावर व्यायाम सुरू झाला. छपराच्या आडव्या वाशावरून बैल पाडायचाच दोर टाकला. एक टोक खुर्शीदच्या उजव्या हातात, दुसरं रशिदाच्या. ती ओढी, त्याचा हात वर जाई. डॉक्टरांनी सांगितलं होतं की रुग्णानं स्वतःच्याच डाव्या हातानं हळूहळू ओढावं. पण रशिदाचा रुग्णावर विश्वास नव्हता. "वर! आनखी वर! बैलाचं तोंड तीस वर्स धरलं, तुमचा हात नाई धरता येत काय?" खुर्शीद ओरडे, शेजारी धावत येत, बघत आणि परत जात. सुरुवातीला हात छातीपर्यंत गेला. मग हनुवटीपर्यंत. एका शुक्रवारी नमाजाला उभा राहिला आणि दोन्ही हात कानांपर्यंत गेले. मशिदीतून येताना तो जरा घाईनंच चालत होता. कोणी बघू नये अशी ओल डोळ्यांत होती. घरी येऊन मात्र म्हणाला, "येऊ दे आता जावयाले."

पोळ्याच्या आदल्या दिवशी जावई आला.

मृगापासून पोचूनं तोंड दाखवलं नव्हतं. आता अंगणात जावई, आणि त्याच्या आडोशाला पोचू, असे दोघं उभे. पोचूच्या हातात लोण्याची वाटी, हळद आणि पळसाची पानं. आदल्या दिवशी बैलांचे खांदे लोणी-हळदीनं शेकायचे, वर्षभराच्या जुवाचं दुखणं काढायचं आणि त्यांना उद्याच्या जेवणाचं आवतण द्यायचं, ही आपल्याकडची रीत.

"भाऊ," पोचू बैलाच्या वशिंडाकडं बघत म्हणाला, "गाठ मी ढिली केली होती."

"मले मालूम हाय. दुसरा कोन करन इतका बावळटपना?"

"याचा खांदा शेकाले निघालो होतो. मंग वाटलं, खांदा तं तुह्याच गेला. तुह्या पह्यले शेकतो."

खरं म्हणजे इथं कुणीतरी शहाण्या माणसानं मध्ये पडायला हवं होतं. पण अंगणात तेव्हा होते पोचू, खुर्शीद आणि जावई. त्यातल्या त्यात जावयानंच मान हलवली. खुर्शीद पोचूपुढं येऊन बसला. त्यानं सदरा काढला. पोचूनं चुलीवर लोणी कढवलं, हळद टाकली, पळसाचं पान बुडवलं आणि जुन्या जखमेच्या वणावर दाबलं. "चटका तं नाई?" "काईच नाई. दे आनखी." पोचूनं दिला. "आता?" "अबे, बैलाले शेकतो का पाहुन्याले? चांगला गरम दे!"

जखमेभोवतीची कातडी ऑपरेशननंतर बधिर होती. तिथं निखारा ठेवला असता तरी खुर्शीद "आनखी" म्हणाला असता. पोचू डोळे मिटून बैलाला म्हणतात तसं आवतण म्हणत होता, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. आणि पानाखाली कातडी फुगत होती.

रशिदा मागच्या दारानं आली तेव्हा तिच्या हातात धुतलेली, पीळ घातलेली ओली चादर होती. तिला आधी वास आला, मग फोड दिसला. पुढचं सगळं चादरीनं केलं. पहिला फटका पोचूच्या पाठीत, दुसरा खुर्शीदच्या पायांवर. तिसरा नेमका कुणासाठी होता ठाऊक नाही, पण बसला जावयाला. वाघाला उचलून फेकणारा जावई अंगणाच्या कोपऱ्यात जाऊन भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. "लोखंड हाय आतमंदी, लोखंड! पिकलं तं सारा खांदा काढून फेका लागन म्हनलं होतं बाईनं! अन् हा इथी भजे तळून राह्यला!"

पोळ्याच्या दिवशी गावोगाव बैल सजत होते तेव्हा खुर्शीद चंद्रपुरात डॉक्टरांसमोर सदरा काढून बसला होता. डॉ. मडावींनी फोड बघितला, आणि मग त्या जे बोलल्या ते निम्मं मराठीत आणि निम्मं गोंडीत होतं. गोंडीतलं पोचूला कळलं. तो खोलीबाहेर जाऊन उभा राहिला. पू आत उतरला नव्हता. मलमपट्टी, गोळ्या, रोज धुणं. पंधरवडाभर रशिदा रात्रंदिवस त्या फोडाकडं असं बघत होती, की त्याला पिकायची हिंमतच झाली नाही.

दसऱ्याआधी तपासणी झाली. फोटोत गोळा आणि वाटी जागच्या जागी. डॉक्टरांनी प्रश्न विचारले.

"केस विंचरता येतात?"

"होते तेवढे विंचरले."

"वरच्या फळीवरचा डबा काढता येतो?"

"आमच्या घरी वरची फळीच नाई."

"काही फेकता येतं?"

"बायकोनं फेकलेलं झेलता येते."

"हात वर करा." हात कानाच्या वर गेला. डॉक्टरांचा चेहरा खुलला. "फार छान, चाचा. आता पाठीमागं." हात गेला तो कमरेच्या बाजूपर्यंत, खिशाशी, आणि तिथं थांबला. "हा एवढाच. उलट्या खांद्यात बहुतेकांना मागचं कमीच मिळतं. समोरची कामं करा, हलकी हातोडी चालवा. पण बैल..."

पण बैल म्हणेपर्यंत खुर्शीद सदरा घालून दारात पोहोचला होता. हात वर जातो म्हणजे बरा, एवढा हिशेब त्याला पुरेसा होता.

इकडं जावई लंगडत होता. अर्धवट राहिलेला चौथा पाय डांबरी रस्त्यानं सोलला होता, खुरातून रक्त येत होतं. पोचूनं त्याला दुसऱ्या एका नालबंदाकडं नेलं. त्याच्याकडं बैल उभा कोंडून नाल ठोकायचा लोखंडी खोडा. जावई खोड्यात शिरला आणि खोड्यासकट बाहेर आला. कापणी तोंडावर आलेली, गाडीला बैल नाही, आणि बैलाला पाय नाही.

"आन त्याले बाजारात," खुर्शीदनं निरोप धाडला.

त्या दिवशी बाजारात वांगी कुणी घेत नव्हतं. मडकेवाल्यानं दुकान आधीच वीस हात मागं नेलं होतं. रशिदा दोन दिवस बोलली नव्हती, पण वेसण धरायला आली. "मेले तं माती द्याले कोनी पायजे," एवढंच म्हणाली.

खुर्शीदनं फास टाकला. छातीचा वेढा. पोटाचा वेढा. हात झकास चालत होता. लोक पुटपुटले, खुर्शीद चारी बाजूंना ती जुनी नजर फिरवू लागला. मग टोक घेऊन तो जावयाच्या मागं गेला, पाय रोवले, आणि दोर कमरेमागून ओढून घ्यायला उजवा हात मागं नेला.

हात खिशापाशी आला आणि थांबला.

त्यानं पुन्हा नेला. पुन्हा खिसा. एवढ्या वर्षांत हजारो बैल ज्या हातानं आडवे केले तो हात एखाद्या पाहुण्यासारखा खिशाशी अवघडून उभा. खुर्शीदनं दात आवळून हात रेटला, खांद्यात खोल कुठंतरी गोळ्यानं वाटीला ढुशी दिली, आणि त्याच्या तोंडून असा आवाज निघाला की जावयानं मान वळवली.

जावयानं मागं बघितलं. ओळख पटली. त्यानं एक लाथ हवेत झाडली. ती खुर्शीदच्या कानाजवळून वारा घेऊन गेली. मग तो गर्रकन वळला आणि शिंगं खाली केली.

"पोचू, वेसन धर!" रशिदा ओरडली. पोचूनं वेसण धरली, म्हणजे तिला लोंबकळला. रशिदानं पदर खोचला, नवऱ्याला खांद्यानं नव्हे, कुल्ल्यानं धक्का देऊन बाजूला लोळवला, दोर उचलला आणि आपल्या रुंद कमरेमागून घेतला. तीन महिने रोज वाशावरच्या दोराशी झुंजलेले हात ते. "हरामखोरा," ती जावयाला म्हणाली, "एक नवरा होता, तोई मोडला तुनं!" आणि पाठ मागं टाकली.

वेढे आवळले. जावयाचे मागचे गुडघे मोडले, पुढचे मोडले, डोळे पांढरे झाले, आणि तो असा पडला की भाजीवालीची पारडी आपोआप हलली. भाजीवालीनं पहिली शिट्टी मारली.

धुळीत बसलेल्या खुर्शीदनं आपला खांदा चाचपला. जागेवर होता. मग त्यानं जावयाकडं बघितलं, आणि दोर धरून धापा टाकत उभ्या असलेल्या बायकोकडं. बैल ताकतीनं पडत नाही, दोराच्या वेढ्यानं पडतो, हे तो इतकी वर्षं सगळ्यांना सांगत होता. ऐकलं होतं ते एकटीनंच.

"बघून काय राह्यले?" रशिदा गरजली. "पोचूनं पाय बांधले. ठोका!"

खुर्शीद उठला. गाठ त्यानं स्वतः तपासली आणि पोचूकडं बघितलं. पोचूनं दोन्ही हात पाठीमागं बांधून घेतले. त्याला ते सहज जमलं, याचा खुर्शीदला जरा रागच आला. हातोडी मात्र समोर होती. खूर समोर होता. उजवा हात वर गेला, खाली आला, खिळा सरळ बसला. दुसरा बसला. जावई डरकाळ्या फोडत होता, रशिदा दोर आवळत होती, आणि खुर्शीद खिळ्यागणिक शिव्या देत होता. बऱ्याच महिन्यांनी बाजारात सगळं जागच्या जागी आल्यासारखं वाटलं.

सोडताना जावयानं हिशेब पुरा केला. शेवटची गाठ सुटली आणि त्याची मागची लाथ रशिदाच्या डाव्या खांद्याखाली बसली. ती पडली, उठली आणि त्याच्या तोंडावर एक ठेवून दिली. मग त्याला गुळाचा खडा दिला.

संध्याकाळी अंगणात खाटेवर रशिदा पाठमोरी बसली होती. दंड वांग्याच्या रंगाचा झाला होता. हाड शाबूत होतं. निशातनं फोनवरून दहा वेळा हात हलवायला लावून खात्री केली होती. खुर्शीद तिच्यामागं बसला. समोर लोणी-हळदीची वाटी. त्यानं पळसाचं पान बुडवलं, आधी आपल्या मनगटावर टेकवून बघितलं, थांबला, फुंकर मारली, पुन्हा टेकवून बघितलं.

"चटका?"

"हाय थोडा."

त्यानं आणखी फुंकर मारली. उजवा हात उचलून तिच्या खांद्यावर पान ठेवलं. समोरचं होतं, जमलं.

"पुढच्या बाजाराले तळोधीचा एक येऊन राह्यला," तो म्हणाला. "गोऱ्हा हाय. पह्यल्यांदाच ठोकाचा हाय. लय मारका म्हनते."

रशिदानं खांदा जरा सैल सोडला. "पाडन मी. पन वेसन कोन धरन? तुम्ही?"

"समोरून धराची असते ना?" खुर्शीद म्हणाला. "मंग मीच."